बरोबरीच्या सामन्यातली शेवटची पाच मिनिटे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली एकोणीस वर्षे कॅनडात, टोरांटोच्या पश्चिमेला असलेल्या मिसिसागा शहरात राहतो आणि सकाळच्या चहाबरोबर आपले दैनिक इंटरनेटवर वाचतो. आपल्या क्रीडापानावर आइस हॉकीविषयी क्वचितच काही येते आणि ते स्वाभाविक आहे, कारण लडाख आणि हिमाचलचा डोंगराळ भाग सोडला तर आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी खेळत नाही. तरीही हे पत्र मी मराठी दैनिकालाच लिहीत आहे. टोरांटोच्या परिसरातल्या अनेक मराठी घरांत आता दाराशी हॉकीच्या स्टिका टेकवलेल्या असतात आणि त्या मुलांचे आजी-आजोबा सांगली-पुण्यात बसून नातवंडांचे सामने फोनवर पाहतात. शिवाय या खेळाच्या नियमांत जो बदल व्हावा असे मला मनापासून वाटते, त्याचे मर्म मला गावच्या मैदानात कबड्डी खेळताना उमगलेले आहे, तेव्हा ते मराठी वाचकांना सांगणे मला अधिक सोपे वाटते.

आइस हॉकी अधिक रंगतदार कशी करावी, याची चर्चा इथे आपल्याकडच्या क्रिकेट संघनिवडीइतक्याच हिरिरीने चालते. गोलजाळी मोठी करा, गोलरक्षकांचे पॅड लहान करा, मैदान रुंद करा, असे उपाय दर हंगामात सुचवले जातात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की गोल वाढले म्हणजे रंगत वाढते. मला ही समजूत चुकीची वाटते. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या व्यावसायिक स्पर्धेतले खरे दुखणे असे आहे की बरोबरीत असलेल्या सामन्याच्या अखेरीस दोन्ही संघांना जोखीम टाळण्याचे बक्षीस मिळते, आणि हे बक्षीस खुद्द नियमच देतात.

मागच्या हिवाळ्यातला एक सामना सांगतो. मी आणि माझी मुलगी अगदी वरच्या रांगेत बसलो होतो. तिसरे सत्र चालू होते, दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झाले होते आणि घड्याळात पाच मिनिटांच्या आत वेळ उरला होता. कोणत्याही खेळात अशा वेळी माणूस खुर्चीच्या कडेवर येतो. इथे मात्र आमच्या रांगेतली चार माणसे उठली, कोट खुर्चीवर टाकून ठेवले आणि कॉफी आणायला निघून गेली. ती माणसे अडाणी नव्हती. त्यांच्या अंगावर संघाचे जुने, धुऊन धुऊन विटलेले जर्सी होते. पुढच्या पाच मिनिटांत काय होणार हे त्यांना पुरते ठाऊक होते. बचावपटू आपल्याच गोलजाळीच्या मागे पक, म्हणजे या खेळातली चकती, घेऊन उभा राहिला, समोरचा संघ मध्यरेषेपाशी भिंत करून थांबला, मग पक काचेला आपटत पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि खेळाडू बदलण्यासाठी बाकाकडे वळले. दुसऱ्या बाजूने तेच झाले. पुन्हा पहिल्या बाजूने तेच झाले. भोंगा वाजला, जादा वेळ सुरू होण्याच्या बेतात आला, आणि आमच्या रांगेतली मंडळी हातात कागदी पेले घेऊन बरोबर वेळेवर परतली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाच्या मैदानावर प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची रबराची चकती, म्हणजे पक, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळीत घालायची असते. दोन निळ्या रेषांनी मैदानाचे तीन भाग, म्हणजे क्षेत्रे, पडतात. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे होतात. वेग इतका असतो की एक तुकडी जेमतेम पाऊण मिनिट खेळून बाकावर परतते आणि खेळ न थांबता दुसरी तुकडी बर्फावर उतरते. जगात याहून वेगवान सांघिक खेळ मला माहीत नाही, आणि म्हणूनच त्याला मुद्दाम संथ केलेले पाहवत नाही.

आता गुणांचा हिशेब पाहा. एनएचएलमध्ये साठ मिनिटांत जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात आणि हरणाऱ्याला शून्य. सामना जादा वेळेत गेला, तर जिंकणाऱ्याला दोनच गुण मिळतात, पण हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. म्हणजे साठ मिनिटांत संपणाऱ्या सामन्यात एकूण दोन गुण वाटले जातात आणि जादा वेळेत संपणाऱ्या सामन्यात तीन. तिसरा गुण कुठून आला, तर हवेतून. दोन्ही संघ तुल्यबळ आहेत असे धरले, तर साठ मिनिटांत निकाल लावायला गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी एक गुण येतो, आणि भोंगा वाजेपर्यंत हात राखून खेळल्यास सरासरी दीड गुण येतो. प्रशिक्षकाने कोणता मार्ग धरावा? ब्याऐंशी सामन्यांच्या हंगामात एका गुणाने बाद फेरी हुकू शकते, बत्तीसपैकी सोळाच संघ पुढे जातात, आणि प्रशिक्षकाची नोकरी त्यावर अवलंबून असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यातही समोरचा संघ दुसऱ्या विभागातला असेल, तर त्याला मिळालेल्या गुणाची झळही लागत नाही. दोघांनी एकमेकांना न दुखावता दीड-दीड गुणाचा वाटा करून घेणे, हा शहाणपणाच ठरतो. जवळपास दर चार सामन्यांतला एक सामना जादा वेळेत जातो, तेव्हा ही किरकोळ गोष्ट म्हणता येणार नाही.

हा गुण वाईट हेतूने दिलेला नव्हता, हे नमूद केले पाहिजे. एनएचएलने नियमित हंगामात पाच मिनिटांचा जादा वेळ १९८३-८४ पासून आणला, पण त्यात हरल्यास काहीच मिळत नसल्याने दोन्ही संघ त्या पाच मिनिटांत बरोबरीचा एकेक गुण राखत बसत. म्हणून १९९९-२००० च्या हंगामापासून जादा वेळ चार विरुद्ध चार खेळाडूंचा केला आणि हरणाऱ्याला एक गुण देऊ केला, म्हणजे संघ न घाबरता हल्ला करतील. हेतू बरोबर होता. पण भीती जादा वेळेतून निघाली आणि साठ मिनिटांच्या शेवटाला जाऊन बसली. पुढे २००५-०६ पासून शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकावर चाल करून निकाल लावणे, आले, बरोबरी पूर्णपणे संपली, आणि २०१५-१६ पासून जादा वेळ तीन विरुद्ध तीन झाला. सामना संपवण्याची पद्धत तीनदा बदलली, मात्र हवेतून येणारा गुण तसाच राहिला.

आता कबड्डीकडे वळतो. आमच्या तालुक्याच्या स्पर्धांत आघाडीवर असलेला संघ शेवटच्या पाच-सात मिनिटांत काय करी, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. चढाईपटू मध्यरेषा ओलांडायचा, निदान रेषेला पाय लावून यायचा, मध्येच हात हलवून दाखवायचा आणि दम न सोडता सुखरूप घरी परतायचा. नियमात ते पूर्ण बसत होते. प्रेक्षक मात्र ओरडून ओरडून बेजार व्हायचे. मीसुद्धा ते केलेले आहे आणि आमच्या शाळेच्या मास्तरांनी त्यासाठी माझी पाठ थोपटली होती. मग २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्यात एक साधा नियम आला: लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद. मैदान तेवढेच राहिले, रेषा त्याच राहिल्या, खेळाडू तेच राहिले. फक्त काही न करण्याला किंमत लागली, आणि प्रत्येक तिसऱ्या चढाईला लोक उभे राहू लागले. हॉकीला मी हेच मागतो आहे.

आइस हॉकीचा स्वतःचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. १९२८-२९ च्या हंगामात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने चव्वेचाळीस सामन्यांपैकी बावीस सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. तो मोठा गोलरक्षक होता यात शंका नाही, पण त्या काळी प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात पक पुढे पास करण्यालाच बंदी होती. पक घेऊन एकट्याने बचावाच्या भिंतीवर जाऊन आदळण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. पुढच्या हंगामात तिन्ही क्षेत्रांत पुढे पास करायला परवानगी मिळाली आणि गोलांची संख्या जवळपास दुप्पट झाली. अर्थात खेळाडू लगेच प्रतिस्पर्ध्याच्या जाळीसमोर जाऊन तळ ठोकू लागले, तेव्हा हंगाम अर्ध्यावर असतानाच, डिसेंबर १९२९ मध्ये, पकाच्या आधी कोणी निळी रेषा ओलांडू नये असा नियम करावा लागला. आजच्या ऑफसाइडचे मूळ तिथे आहे. नियम करणारी मंडळी त्या काळी किती चटकन हालचाल करत, याचे मला कौतुक वाटते.

दुसरे उदाहरण २००५ चे आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मध्यक्षेत्रात सापळा लावून बसण्याची पद्धत बोकाळली होती. न्यू जर्सी डेव्हिल्सने १९९५ मध्ये त्याच पद्धतीने डेट्रॉइटला अंतिम मालिकेत चार सामने विरुद्ध शून्य असे हरवले आणि मग जो तो तिचे अनुकरण करू लागला. मालक आणि खेळाडू यांच्या वादात २००४-०५ चा पूर्ण हंगाम बुडाला, आणि खेळ परत सुरू झाला तेव्हा नियमांची मोठी झाडाझडती झाली. दोन रेषा ओलांडणारा लांब पास मोकळा झाला, प्रतिस्पर्ध्याला स्टिकने अडकवून धरणाऱ्यांना पंच शिक्षा करू लागले, आणि स्वतःच्या बाजूने पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावणाऱ्या, म्हणजे आयसिंग करणाऱ्या संघाला, त्या थांब्यात खेळाडू बदलण्यास बंदी झाली. पहिल्याच हंगामात दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागचे सरासरी गोल पाचावरून सहावर गेले. मात्र प्रशिक्षकांनी तोडगे शोधले, पंचांचा हात सैल झाला, आणि २०१५ च्या सुमारास सरासरी पुन्हा साडेपाचाच्या आत आली. अलीकडे ती परत सहाच्या वर आहे, आणि त्यासाठी जाळी मोठी करावी लागलेली नाही. खेळाडूच अधिक चपळ आणि कुशल झाले आहेत. म्हणजे गोलांचा दुष्काळ आज नाही. तरीही बरोबरीतली शेवटची पाच मिनिटे कोरडी जातात, ही गोष्ट गोल वाढवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी नीट विचारात घ्यावी.

आणि गोलांवरच रंगत अवलंबून असती, तर २४ मार्च १९३६ च्या रात्रीची आठवण आजवर कोणी काढली नसती. त्या रात्री मॉन्ट्रियलमध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यातला बाद फेरीचा सामना सहाव्या जादा सत्रापर्यंत चालला, आणि पावणेदोन तासांहून अधिक जादा खेळ झाल्यावर मड ब्रुनेटो या नवख्या खेळाडूने सामन्यातला एकमेव गोल केला. एनएचएलचा सर्वांत लांबलेला सामना म्हणून तो आजही सांगितला जातो. बाद फेरीत शूटआउट नसते आणि हरणाऱ्याला गुणही नसतो. म्हणूनच तिथे शून्य-शून्यवरही श्वास रोखला जातो.

मैदान रुंद करण्याच्या सूचनेबद्दलही थोडे लिहितो, कारण ती वारंवार येते. आंतरराष्ट्रीय पद्धतीचे मैदान तीस मीटर, म्हणजे सुमारे अठ्ठ्याण्णव फूट रुंद असू शकते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये एनएचएलचे सर्वोत्तम खेळाडू अशाच मैदानावर खेळले. कॅनडाने सुवर्णपदक जिंकले आणि सहा सामन्यांत मिळून फक्त तीन गोल खाल्ले. मिळालेली जादा जागा कडेची होती. हल्ला करणारे तिथे गोल-गोल फिरत राहिले आणि जाळीसमोरचा मधला भाग बचावपटूंनी बंद ठेवला. जाळी मोठी करण्याबाबत मला एवढेच वाटते की सहा बाय चारची ही चौकट या खेळाची सर्वांत जुनी ओळख आहे, आणि ती बदलल्यास शंभर वर्षांतले सगळे विक्रम एका रेषेच्या पलीकडे जाऊन पडतील. पॅड आणखी लहान करण्यास माझी हरकत नाही, पण दर काही वर्षांनी इंच-दोन इंचांचा हा व्यवहार होतच असतो. मारामारीत रंगत शोधणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी की प्रत्येक सामना तीन गुणांचा असावा. साठ मिनिटांत जिंकल्यास तीन गुण आणि हरणाऱ्याला शून्य. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये निकाल लागल्यास जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला एक. मग हवेतून गुण येत नाही. जादा वेळेची वाट पाहिल्यास सरासरी दीड गुण मिळतो आणि साठ मिनिटांत जिंकायला गेल्यासही सरासरी दीडच मिळतो. वाट पाहण्याचे बक्षीस संपते. शिवाय चौथ्या-पाचव्या क्रमांकासाठी धडपडणाऱ्या संघाला तीन गुणांचा मोह पडतो, आणि मार्च महिन्यात बरोबरीच्या सामन्यात गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवण्याचे धाडसही एखादा प्रशिक्षक करू शकतो. फुटबॉलमध्ये विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये १९८१ साली झाली आणि १९९४ पासून विश्वचषकातही तसेच आहे, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच.

हॉकीतही हे काही नवे नाही. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांत ही तीन-दोन-एकची पद्धत आहे. आपल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये ज्या आशिया चषकात कांस्यपदक पटकावले, ती स्पर्धाही याच महासंघाची. १ जानेवारी २०२४ रोजी टोरांटोत पहिला सामना खेळून सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगने पहिल्या दिवसापासून हीच पद्धत स्वीकारली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द एनएचएलने मॉन्ट्रियल आणि बॉस्टन येथे कॅनडा, अमेरिका, स्वीडन आणि फिनलंड यांची चौरंगी स्पर्धा भरवली, तेव्हा तिथे तीन गुणांची पद्धत होती आणि तीन विरुद्ध तीनचा जादा वेळही दहा मिनिटांचा होता. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसाठी जे योग्य वाटले, ते त्याच खेळाडूंच्या रोजच्या हंगामासाठी अयोग्य कसे? यावर उत्तर असे दिले जाते की सध्याच्या पद्धतीमुळे गुणतक्त्यात संघ एकमेकांच्या जवळ राहतात आणि शेवटपर्यंत चुरस टिकते. ही चुरस मला खोटी वाटते. जिंकल्यापेक्षा जास्त वेळा हरलेला संघ केवळ हरण्याच्या गुणांवर तक्त्यात बरा दिसावा, याने चाहत्याची फसवणूकच होते. गुण समान झाल्यास साठ मिनिटांतले विजय आधी मोजायचे, असा नियम एनएचएलने २०१९-२० पासून केलेला आहे. म्हणजे कोणता विजय अस्सल, हे त्यांनाही कळते. फक्त ते तक्त्याच्या तळटीपेत ठेवलेले आहे.

दुसरी मागणी जादा वेळेबद्दल आहे. तीन विरुद्ध तीनचा खेळ सुरुवातीच्या एक-दोन हंगामांत डोळ्यांचे पारणे फेडणारा होता. एवढ्या मोठ्या बर्फावर सहाच खेळाडू असल्यामुळे एक पास चुकला की समोरून दोघेजण वाऱ्यासारखे निघत. मग इथेही प्रशिक्षकांनी शोध लावला, की पक आपल्याकडे आहे तोवर गोल होत नाही. आता खेळाडू पक घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात जातो, चांगली संधी दिसली नाही की वळतो, निळी रेषा ओलांडून बाहेर येतो, मध्यरेषाही ओलांडतो, थेट आपल्या गोलरक्षकापर्यंत मागे येतो, आणि तेवढ्यात साथीदार आरामात बदलून घेतले जातात. हे पाहताना मला निदान रेषेला पाय लावून परतणारा आमच्या तालुक्याचा चढाईपटू आठवतो. उपाय सोपा आहे आणि बास्केटबॉलमध्ये तो मुरलेला आहे: जादा वेळेत पक मध्यरेषेच्या पुढे नेल्यावर त्याच ताब्यात तो मागे आणता येणार नाही, आणल्यास फेसऑफ, म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकून होणारी खेळाची नवी सुरुवात, आपल्याच जाळीसमोर होईल. संघांच्या व्यवस्थापकांच्या बैठकांत याची चर्चा होऊनही गेली आहे. सोबत जादा वेळ पाचाऐवजी दहा मिनिटांचा करावा, म्हणजे शूटआउटपर्यंत फारच थोडे सामने जातील. साठ मिनिटांच्या सांघिक खेळाचा निकाल एकेकट्याने जाळीवर जाऊन लावावा, हे मला कधीच पटलेले नाही. खेळाडूंच्या थकव्याचा प्रश्न खरा आहे. पण तीन गुणांची पद्धत आली, तर जादा वेळेत जाणारे सामनेच कमी होतील, म्हणून या दोन मागण्या मी एकत्र मांडतो आहे.

तिसरी मागणी शिक्षेच्या वेळेबद्दल आहे आणि ती मी बराच विचार करून लिहितो आहे. खेळाडूला दोन मिनिटांची शिक्षा होऊन तो बंदिस्त बाकावर बसला की त्याचा संघ चारच खेळाडूंनिशी खेळतो. पूर्वी ही दोन मिनिटे पूर्ण भरावी लागत, मग कितीही गोल होवोत. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होने बॉस्टनचे दोन खेळाडू बाहेर असताना चव्वेचाळीस सेकंदांत तीन गोल केले, आणि पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, एक गोल होताच शिक्षा संपावी असा नियम झाला. हा जुना नियम परत आणा, असे इथे अनेकजण म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. शिक्षा जितकी जड, तितका पंचाचा हात शिट्टीकडे जाताना कचरतो. बाद फेरीच्या शेवटच्या सत्रात आजही तो कचरतोच. शिट्ट्या कमी झाल्या तर अडवाअडवी वाढेल आणि २००५ मध्ये जे कमावले ते हातचे जाईल.

त्याऐवजी एक विचित्र सवलत काढून टाकावी. एरवी आपल्या बाजूने पक पलीकडच्या टोकाला भिरकावला तर आयसिंग होते, खेळ थांबतो आणि दमलेल्या खेळाडूंनाच फेसऑफसाठी आपल्या जाळीपाशी उभे राहावे लागते. पण ज्या संघाने गुन्हा केला, त्याला मात्र शिक्षेच्या काळात पक खुशाल भिरकावण्याची मुभा आहे. ज्याच्याकडून चूक झाली त्यालाच नियमातून सूट, असा हा प्रकार आहे. अमेरिकेच्या हॉकी संघटनेने २०१७ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सूट बंद केली. विचार असा होता, की मुलांनी दबावाखाली पक भिरकावण्यापेक्षा तो खेळवायला शिकावे. मुलांना जे शिकवतो, ते मोठ्यांकडून का मागू नये? महिलांच्या लीगमध्ये शिक्षेबाबत एक सुंदर नियम आहे, तोही याच्या जोडीला घ्यावा: चार खेळाडूंच्या संघाने गोल केला, तर त्यांचा शिक्षा भोगणारा खेळाडू लगेच सुटतो. मी मुलीला घेऊन या लीगचे सामने पाहायला जातो तेव्हा शिक्षेची दोन मिनिटे सुरू झाली की दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकदमच सरसावून बसतात, कारण गोल कोणत्याही जाळीत होऊ शकतो. बचाव करणारी खेळाडू पक हिसकावून घेते, आणि तो भिरकावून न देता मान वर करून पुढे कोणी साथीदार सुटली आहे का, हे पाहते. मान वर करण्याचा तो अर्धा सेकंद मला फार मोलाचा वाटतो.

शेवटची मागणी लहान आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोलोरॅडोच्या मॅट डशीन याने नॅशविलविरुद्ध ढळढळीत ऑफसाइड असताना गोल केला, त्यावर बरीच ओरड झाली, आणि २०१५ पासून प्रशिक्षकांना ऑफसाइडविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळाला. ढळढळीत चूक सुधारण्यासाठी आणलेली ही सोय आता केसाएवढा फरक शोधण्यासाठी वापरली जाते. गोल होतो, अठरा हजार माणसे उभी राहतात, शेजारी अनोळखी माणूस मिठी मारतो. मग पंच बोर्डापाशी उभे राहून हातातल्या पडद्यावर एका स्केटचे पाते पाऊण मिनिटापूर्वी निळ्या रेषेच्या कोणत्या बाजूला होते ते पाहत राहतात. दाद फेटाळली गेल्यास दोन मिनिटांची शिक्षा ठेवल्यापासून ही प्रकरणे थोडी कमी झाली, पण थांबली नाहीत. पक क्षेत्रात शिरल्यानंतर पंधरा सेकंदांच्या आत झालेल्या गोलाविरुद्धच अशी दाद मागता यावी. तेवढ्या अवधीत बचाव करणाऱ्या संघाला सावरून उभे राहायला वेळ मिळालेला असतो, आणि त्यानंतर झालेला गोल त्या पात्याच्या इंचभर फरकामुळे झाला, असे म्हणता येत नाही.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की खेळाडूंशी झालेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून नियमित हंगाम ब्याऐंशीऐवजी चौऱ्याऐंशी सामन्यांचा होणार, असे ठरलेले आहे. वेळापत्रक बदलते, तेव्हा तक्ता बदलणेही सोपे असते. व्यवस्थापकांची बैठक, मग स्पर्धा समिती, मग मालकांचे मंडळ, अशी नियमबदलाची वाट आहे, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर चाहत्यांचे म्हणणे पोहोचवता येते. हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांना इथले संघ दरवर्षी प्रश्नावली पाठवतात. टोरांटो, व्हँकुव्हर, सॅन होजे, डॅलस या शहरांत राहणाऱ्या आणि आपले दैनिक वाचणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे ती येते, त्यांनी ती टाकून न देता तीन गुणांच्या पद्धतीची मागणी तिथे स्वच्छ शब्दांत लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी माझी भरून पाठवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक
मिसिसागा, ओंटारिओ, कॅनडा